सोपाऱ्याची विजयपताका : खेळ आणि समाज

वसई तालुक्यातील सोपारे हे नाव जैन परंपरेला नवे नाही. बारा वर्षांच्या भीषण दुष्काळाच्या अखेरीस आचार्य वज्रसेनसूरी येथे आले, श्रेष्ठी जिनदत्त आणि त्याची पत्नी ईश्वरी यांच्या चार पुत्रांनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्या चौघांच्या नावांनी नागेंद्र, चंद्र, निवृत्ति व विद्याधर ही चार कुले प्रवर्तली, असे पट्टावल्या सांगतात. इतिहास संशोधकांना सोपारे ठाऊक आहे ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली बुरूड राजाच्या कोटात केलेल्या उत्खननामुळे आणि अशोकाच्या शिलालेखाच्या तुकड्यांमुळे. या प्राचीन बंदराची आणखी एक ओळख मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. जैन टीकाकारांच्या लेखी सोपारे हे मल्लविद्येचे मोठे केंद्र होते. दरवर्षी येथे कुस्त्यांचा फड भरे, दूरदूरचे मल्ल येत आणि जिंकणाऱ्यास राजाकडून धन व विजयपताका मिळे.

उत्तराध्ययनसूत्राच्या चौथ्या अध्ययनावरील टीकावाङ्मयात ही कथा येते. नेमिचंद्रसूरींनी विक्रम संवत् ११२९ मध्ये, म्हणजे इ. स. १०७३ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘सुखबोधा’ टीकेतही ती आहे. खेळाचा समाजाशी काय संबंध असतो, हे सांगणारी याहून जुनी आणि याहून स्पष्ट कथा आपल्या परिसरात दुसरी आढळणार नाही. म्हणून ती थोडी विस्ताराने पाहणे योग्य होईल.

उज्जयिनीस अट्टण नावाचा अजिंक्य मल्ल होता. सोपाऱ्यास तेव्हा सिंहगिरी नावाचा राजा राज्य करीत होता. अट्टण दरवर्षी सोपाऱ्यास येई, कुस्ती जिंके आणि पताका घेऊन परत जाई. सिंहगिरीच्या मनाला ही गोष्ट लागली. परराज्यातला मल्ल येतो आणि आपल्या नगरीची पताका नेतो, यात आपला मानभंग आहे असे त्याला वाटू लागले. त्याने प्रतिमल्लाचा शोध सुरू केला, तेव्हा एक बलदंड कोळी त्याच्या दृष्टीस पडला. राजाने त्याला पोसले आणि कुस्तीचे शिक्षण दिले. हाच मच्छिय मल्ल. पुढच्या वर्षी अट्टण आला तेव्हा मच्छियाने त्याला हरविले. अट्टणाच्या ध्यानात आले की आपले वय उतरणीला लागले आहे आणि समोरच्याचे तारुण्य चढते आहे.

तो परतला, पण घरी गेला नाही. आपल्या जागी उभा राहील अशा तरुणाच्या शोधात तो निघाला. भडोचकडच्या एका गावाजवळ त्याला एक शेतकरी दिसला. एका हाताने नांगर धरून दुसऱ्या हाताने तो कापूस वेचीत होता. अट्टणाने त्याचा आहार पाहिला, ताकद पाहिली आणि त्याला मल्लविद्या शिकविण्याचे ठरविले. शेतकऱ्याच्या बायकोला त्याने कापसाचे मोल दिले आणि मगच त्याला बरोबर घेतले. कथाकाराने हा तपशील गाळलेला नाही. कर्ता पुरुष आखाड्यात गेला तर घर कशावर चालायचे, हा प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटला होता. कापसावरून या मल्लाचे नाव पडले फलही.

सोपाऱ्यास फलही आणि मच्छिय यांची कुस्ती लागली. पहिला दिवस बरोबरीत गेला. रात्री अट्टणाने विचारले, ‘बाळा, कोठे दुखते आहे ते सांग.’ फलहीने एकेक जागा दाखविली. त्या चोळून, शेकून अट्टणाने त्याला पुन्हा ताजातवाना केले. राजानेही मच्छियाकडे मर्दन करणारे पाठविले. पण मच्छियाने गर्वाने त्यांना परत धाडले. मी त्याच्या बापालाही भीत नाही, तो बिचारा कोण, असे तो म्हणाला. दुसरा दिवसही बरोबरीचा झाला. तिसऱ्या दिवशी मच्छिय थकला होता. अट्टणाने बाहेरून खूण केली, फलहीने निर्णायक पकड घेतली आणि मच्छिय संपला.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. मासेमारी हा व्यवसाय जैन आचारास सर्वथा वर्ज्य. तरीही टीकाकाराने मच्छियाचा पराभव त्याच्या व्यवसायावर वा जन्मावर ढकललेला नाही. तो हरला तो आपले दुखणे लपविल्यामुळे. शेतकरी जिंकला तोही कुळामुळे जिंकला नाही, गुरूपाशी खरे बोलल्यामुळे जिंकला. एरवी ज्यांना राजसभेत पाय ठेवता आला नसता असे एक कोळी व एक कुणबी सोपाऱ्याच्या आखाड्यात साऱ्या नगरीच्या मानापमानाचे धनी झाले. राजाला हवी होती ती आपल्या नगरीची जीत. त्या हव्यासापोटी त्याने एका कोळ्याला जवळ केले. हेतू स्वार्थाचा होता, परंतु त्यामुळे का होईना दार उघडले गेले.

कथेचा उत्तरार्ध अधिक कटू आहे. अट्टणाने कुस्ती सोडली आणि तो घरी राहू लागला. आता हा कोणत्याही कामाचा नाही असे म्हणून स्वजन त्याचा अनादर करू लागले. कोणालाही न सांगता तो कौशांबीस गेला, वर्षभर रसायन घेऊन बलवान झाला आणि तेथील फडात राजाचा मल्ल निरंगण याच्याशी झुंजून त्याने त्याला मारले. परक्या माणसाने आपला मल्ल मारला म्हणून राजाने प्रशंसा केली नाही. राजाने केली नाही म्हणून रंगमंडपात बसलेल्या एकानेही केली नाही. शेवटी अट्टणाने स्वतःच आपले नाव पुकारले. हा तोच अट्टण हे कळताच राजा संतुष्ट झाला व त्याने आयुष्यभराची वृत्ती बांधून दिली. ही वार्ता ऐकून तेच स्वजन पुन्हा गोळा झाले आणि पाया पडू लागले. अट्टणाने विचार केला : हे धनासाठी आले आहेत, म्हातारपणी पुन्हा अपमान करतील, अंगात शक्ती आहे तोवरच प्रव्रज्या घ्यावी. आणि त्याने दीक्षा घेतली. जीर्ण आयुष्य पुन्हा सांधता येत नाही व जरेने गाठलेल्यास कोणी त्राता नाही, या सूत्रवचनाचे उदाहरण म्हणून टीकाकाराने ही कथा योजली आहे. खेळाडूच्या आयुष्याचा दाखला त्याला त्यासाठी सर्वांत समर्पक वाटला, हेही विचार करण्याजोगे आहे.

अहिंसाधर्मी समाजाचा आणि कुस्तीचा संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आगमांत सांगितलेल्या बहात्तर कलांमध्ये नियुद्ध, मुष्टियुद्ध व बाहुयुद्ध यांची गणना आहे. पर्युषणात वाचल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात सिद्धार्थ राजा पहाटे उठून प्रथम जातो तो ‘अट्टणसाले’त. व्यायाम व मल्लयुद्ध करून थकल्यावर शतपाक आणि सहस्रपाक तेलांनी त्याचे मर्दन होते. उज्जयिनीच्या मल्लाचे नाव आणि राजाच्या व्यायामशाळेचे नाव एकच शब्द सांगतात. दरवर्षी हे वर्णन कानांवर पडते, पण श्रोत्यांचे लक्ष पुढे येणाऱ्या स्वप्नफलाकडे लागलेले असल्याने व्यायामशाळा बहुधा ऐकूनही ऐकली जात नाही.

भरत-बाहुबलींची कथा तर याहून बोलकी आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाकली असता मंत्र्यांनी विचार केला की दोघे भाऊ चरमशरीरी, त्यांना काही होणार नाही, मरतील ती माणसे. म्हणून सैन्ये बाजूस ठेवून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध या तीन लढतींवर निर्णय सोपवावा असे ठरले. नवव्या शतकातील जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात हा प्रसंग विस्ताराने आला आहे. नियम बांधून घेतलेली झुंज रणांगणाची जागा घेऊ शकते, ही कल्पना जैन पुराणकारांनी किती आधी मांडून ठेवली होती, हे त्यावरून दिसते.

आधुनिक काळात सिंहगिरीच्या भूमिकेत, परंतु निराळ्या दृष्टीने, उभे राहिले ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती. पंजाबातील नामवंत मल्लांना त्यांनी आश्रय दिला, त्यांच्याशी झुंजतील असे स्थानिक पैलवान घडविले आणि १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान पूर्णत्वास नेले. त्याच कोल्हापुरात, जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या भाऊराव पाटील नामक विद्यार्थ्याला कुस्तीचा आणि पोहण्याचा नाद होता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या इतिहासातील हे पान अभिमानाचे नाही. पण स्मरणिकेत केवळ अभिमानाचीच पाने असावीत असा नियमही नाही. कुंभोज येथे जन्मलेल्या त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले.

पंक्तीचा प्रश्न मुंबईच्या मैदानांवरही उभा होता, आणि तेथे तो क्रिकेटच्या रूपाने आला.

मुंबईत क्रिकेट प्रथम आपलेसे केले पारशी समाजाने; त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. पुढे समुद्रकिनाऱ्यावर पारशी, हिंदू, इस्लाम आणि कॅथलिक असे जिमखाने उभे राहिले. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी सामने नियमित झाले, १९०७ मध्ये हिंदू संघ आल्यावर तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांचा संघ आल्यावर पंचरंगी सामने सुरू झाले. जैनांचा स्वतंत्र संघ या स्पर्धेत कधीच नव्हता. समाजाने त्या काळात मुंबईत काढली ती विद्यार्थिगृहे : १९०० साली सेठ माणिकचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग, १९१५ साली महावीर जैन विद्यालय. देणगी देताना समाजाने विद्यार्थ्याच्या डोक्यावरील छप्पर आणि हातातील पुस्तक पाहिले. त्याच्या पायाखालच्या मैदानाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. त्या पिढीची निवड चुकली असे म्हणता येणार नाही, तथापि तिचा परिणाम दीर्घकाळ टिकला.

या स्पर्धेने समाजाचे जे दोष उघडे केले, त्यांत पहिले नाव येते ते पळवणकर बाळू यांचे. चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात खेळपट्टी सांभाळता सांभाळता साहेबांना गोलंदाजी करू लागला. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांवर विजय हवा होता, म्हणून त्याला घेतले. सिंहगिरीने कोळ्याला घेतले त्याच कारणाने. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच्या हातचा चेंडू झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि त्याचे पान वेगळे वाढले जाई. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, तेव्हा बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही संघात होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूला डावलल्याच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर निवड समितीला नमते घ्यावे लागले व अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाला. १९२३ मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि संघाने स्पर्धा जिंकली. गावोगावच्या विहिरी तेव्हाही बंदच होत्या. पण चर्मकाराच्या मुलाच्या हुकमावर अकरा जण मैदानात हलतात हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि पाहिलेले विसरणे अवघड असते.

या स्पर्धेची दुसरी बाजू हळूहळू वर आली. धर्माच्या नावाने संघ, म्हणून धर्माच्या नावाने घोषणा. १९३७ मध्ये नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने स्पर्धेवर बहिष्कार टाकला. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी असे जातीय सामने बंद व्हावेत असे निःसंदिग्ध मत दिले. तरीही गर्दी ओसरली नाही. सर्वांत मोठी गर्दी जमविणारी स्पर्धा हीच होती आणि जिमखान्यांना तिच्या उत्पन्नाचा मोह सुटत नव्हता. अखेर १९४६ मध्ये ती बंद झाली.

‘उरलेल्यां’च्या संघाविषयी येथे लिहिणे अगत्याचे आहे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात सांगलीच्या विजय हजारे यांनी हिंदू संघाविरुद्ध ३०९ धावा काढल्या. त्यांच्या संघाच्या सर्व मिळून धावा होत्या ३८७. भाऊ विवेक याच्यासोबत ३०० धावांची भागीदारी झाली, तीत विवेकचा वाटा अवघा २१ धावांचा. मराठी मुलखात जन्मलेले, मराठी बोलणारे हजारे ‘उरलेले’ का, तर ते ख्रिस्ती होते म्हणून. वसईकरांनी क्षणभर कल्पना करून पाहावी. माणिकपूरचा वा पापडीचा ख्रिस्ती मुलगा आणि त्याच आळीतला वाडवळ मुलगा लहानपणी एका फळीने खेळले असते, पण मुंबईच्या त्या स्पर्धेत त्यांना परस्परांविरुद्ध उभे राहावे लागले असते.

वसई-विरारचा परिसर नंतर झपाट्याने बदलला. चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. मुंबईच्या चाळींतून आणि राजस्थान-गुजरातच्या गावांतून आलेली जैन कुटुंबे या लोंढ्यातलीच. मंदिर, उपाश्रय, पाठशाळा, आयंबिल शाळा यांची उभारणी झाली. केळीच्या बागांच्या आणि मिठागरांच्या जागी इमारती आल्या, आणि आधी गेली ती मोकळी जागा. डिसेंबरात भरणारा वसईचा कला-क्रीडा महोत्सव आणि २०११ पासूनची वसई-विरार मॅरेथॉन यांनी खेळाला सार्वजनिक प्रतिष्ठा दिली हे खरेच. पण रोज संध्याकाळी मुलांनी खेळावे कोठे, याचे उत्तर त्यांच्यापाशी असणार नाही.

विरारच्या पृथ्वी शॉ या मुलाची गोष्ट येथील प्रत्येक घराला माहीत आहे. पहाटेच्या गाडीने वडिलांसोबत वांद्र्याच्या मैदानावर जायचे आणि सायंकाळी परतायचे, असे त्याचे बालपण गेले. २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या एका शालेय सामन्यात त्याने ५४६ धावा काढल्या. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी पहिल्याच कसोटीत त्याने शतक झळकाविले. तेव्हा विरारला त्याच्याशी ओळख सांगणाऱ्यांची वाण नव्हती. पुढे दिवस फिरले. २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून तो वगळला गेला, २०२५ मध्ये त्याने महाराष्ट्राच्या संघाची वाट धरली. या दोन टोकांमधल्या काळात चौकाचौकांत जे बोलले गेले, ते अट्टणाच्या स्वजनांच्या बोलण्याहून फार वेगळे नव्हते. मूल वीस वर्षांचे होण्यापूर्वीच त्याच्या खांद्यावर गावाची पताका द्यायची आणि ती खाली आली की तोंड फिरवायचे, ही सोपाऱ्याची जुनीच रीत दिसते.

जैन घरांतील अडचण थोडी निराळी. रविवारची सकाळ पाठशाळेची आणि मैदानाचीही. चौविहार पाळणाऱ्या मुलाला प्रकाशझोतातल्या सामन्यानंतर संघासोबत जेवता येत नाही. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि पर्युषण व दशलक्षण त्याच सुमारास येतात. म्हणून अलीकडे अनेक ठिकाणी समाजापुरत्या क्रिकेट स्पर्धा भरू लागल्या आहेत. सूर्यास्तापूर्वी सामना संपतो, भोजन आपल्या पद्धतीचे असते, एरवी दुकानातून न हलणारे तरुण फळी हातात घेतात, निरनिराळ्या गच्छांची आणि गावांची कुटुंबे एका मांडवात बसतात. हे लाभ लहान नाहीत. परंतु मुंबईचा इतिहास डोळ्यांसमोर असता, वर्षातील एकमेव स्पर्धा हीच असावी आणि शेजारच्या इमारतीतील मुलाने ती कुंपणाबाहेरून पाहावी, हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. वेळेचा नियम आपला ठेवून संघ सर्वांचे करता येतात. सूर्यास्तापूर्वी सामना संपविण्यास कोणाही धर्माच्या मुलाची हरकत असण्याचे कारण नाही. ज्या विश्वस्त मंडळांकडे स्वतःचे पटांगण आहे, त्यांनी मंडपाचे भाडे येणारे दिवस सोडून उरलेले दिवस मुलांना द्यावेत, एवढी अपेक्षाही गैर नव्हे. फलहीच्या घरी आधी कापसाचे मोल पोहोचले होते. तसे एखाद्या होतकरू खेळाडूच्या प्रवासाचे, बुटांचे आणि दुखापतीच्या उपचारांचे मोल शिष्यवृत्तीच्या यादीत कोठे बसते, हेही विश्वस्तांनी एकदा पाहावे.

एके काळी उज्जयिनीचा मल्ल शेकडो कोस चालून सोपाऱ्यास येत असे, कारण फड येथे भरत असे. आज नालासोपारा स्थानकावर पहाटेच्या चर्चगेट गाडीत क्रिकेटची लांब पिशवी घेऊन चढणारी मुले दिसतात. गर्दीत ती पिशवी दोन पायांत उभी धरून अंधेरी, वांद्रे, दादर, चर्चगेट असा त्यांचा प्रवास चालतो.